ती बरी झाली, मग हे का नाही?

या वेळच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, मेंदूचा आजार, म्हणून बाकीची पुढच्या अंकावर ढकलली आहेत, त्यांनी राग मानू नये. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं गाळलीत आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टीही बदलल्यात, कारण इंदूरमधली मराठी माणसं एकमेकांना आडनाव न सांगता दोन वाक्यांत ओळखतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे मिस्टर ५६ वर्षांचे. क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर ३० वर्षं हिशेब बघायचे. मागच्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि तिथेच दाराला धरून खाली बसले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डाव्या मेंदूची नस ब्लॉक झाली असं सांगितलं. आता अकरावा महिना चालू आहे. काठी धरून चालतात, हात अजून आला नाही, बोलणं म्हणजे पाच-सात शब्द, आणि ते पण हिंदी! 'पाणी' म्हणत नाहीत, 'पानी' म्हणतात, 'नको' नाही, 'नहीं'. लग्न झाल्यापासून घरात आम्ही मराठीच बोललो, मग आता माझ्याशीच हिंदी का, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय कधीकधी तोंडातून एकदम शिवी निघते, स्पष्ट, जन्मात कधी दिली नव्हती अशी.

मुलगा पुण्याला आहे, त्याने एका अमेरिकन बाईचा व्हिडिओ पाठवला. ती स्वतः मेंदूची शास्त्रज्ञ, तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि आठ वर्षांत ती पूर्ण बरी झाली. मला तो बघून रडू आलं, इतकी हिंमत आली की काय सांगू. म्हणून रविवारी टीव्हीवर लावून यांना दाखवला, नणंदही आली होती. पाच मिनिटं बघितला, मग मान फिरवली, आणि डाव्या हाताने रिमोट फेकून दिला. नणंद म्हणाली, "त्या बाईने मनावर घेतलं म्हणून ती बरी झाली, दादा मनावरच घेत नाही." तेव्हापासून फिजिओवाला आला की तोंड भिंतीकडे करून झोपतात. माझं चुकलं का? माणसाला प्रेरणा द्यायचीच नाही का? गणपतीत आरतीला मात्र बसले होते, आणि सगळ्यांबरोबर म्हटलीसुद्धा, मला वाटलं आता बोलायला लागतील, पण आरती संपली आणि पुन्हा गप्प.
एक भगिनी, रामबाग

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुमचं चुकलं असं मला वाटत नाही. फक्त तो व्हिडिओ ज्यांनी बघायला हवा होता ते बघून झाल्यावर विसरले आणि ज्यांना दाखवायची गरज नव्हती त्यांना दाखवला गेला. असं का म्हणते ते सांगते, पण आधी ती बाई कोण हे बाकीच्या वाचकांना कळू दे.

तिचं नाव जिल बोल्ट टेलर. बोस्टनला मेंदूच्या रचनेवर संशोधन करायची. १० डिसेंबर १९९६ च्या सकाळी डाव्या डोळ्याच्या मागे कळ येऊन जाग आली, वय ३७. तिच्या डाव्या मेंदूत जन्मापासून रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता, धमनी आणि शीर यांच्यामध्ये जी बारीक जाळी असते ती तिथे नव्हतीच, तो गुंता त्या दिवशी फुटला. चार तासांत चालणं, बोलणं, वाचणं, लिहिणं सगळं गेलं. घरात एकटी. ऑफिसला फोन करायचा तर नंबर आठवेना, म्हणून व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा काढला, त्यातली इंचभर कार्डं बघायला पाऊण तास गेला कारण कार्डावर काय आहे तेच कळेना, मग कार्डावरच्या आकड्याचा आकार आणि फोनवरच्या बटणाचा आकार जुळवत जुळवत नंबर लावला, आणि पलीकडून सहकारी बोलला ते तिला कुत्र्याच्या आवाजासारखं ऐकू आलं. स्वतःचं बोलणंही तसंच. अडीच आठवड्यांनी डोक्याचं ऑपरेशन करून गोल्फच्या चेंडूएवढी रक्ताची गाठ काढली. पुढे आठ वर्षं लागली. २००८ साली तिने स्टेजवर उभं राहून १८ मिनिटांत हे सांगितलं, आणि तेव्हापासून ते घराघरांत फिरतंय.

आता तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बघा. भरभर बोललेलं इंग्रजी. ज्या माणसाला मराठी वाक्यसुद्धा हळू बोललं तर लागतं त्याच्यापुढे ते चालू आहे, बाजूला बायको रडतेय, बहीण मान हलवतेय. आणि आठवतंय का बघा, त्या व्हिडिओत सुरुवातीच्या काही मिनिटांतच तिने खरा माणसाचा मेंदू, खाली मणक्याची दोरी लोंबतेय असा, हातात घेऊन दाखवला आहे. आपल्याला ते बघून कुतूहल वाटतं. ज्याचा मेंदू दुखावलाय त्याला काय वाटलं असेल? तुम्ही लिहिलंय पाच मिनिटांत मान फिरवली. मला ती मान फिरवणं अगदी समजतं.

दुसरी गोष्ट, ती नणंदबाईंना शांतपणे वाचून दाखवा. त्या बाईचा आजार आणि दादांचा आजार एक नाही. तिची रक्तवाहिनी फुटली होती, दादांची बंद पडली. फुटलेल्या रक्ताची गाठ काढली की तिच्या दाबाखाली अडकलेला मेंदूचा काही भाग पुन्हा कामाला लागू शकतो. नस बंद पडून जो भाग मेला तो तसा परत येत नाही, त्याचं काम शेजारच्या भागाने शिकायचं असतं, आणि हे शिकणं लहान मुलाच्या शिकण्यापेक्षा कठीण असतं कारण मोठ्या माणसाला आपल्याला काय यायचं ते सगळं आठवत असतं. शिवाय वय ३७ आणि वय ५६, दुखापत किती आणि नेमकी कुठे, शुगर-बीपी, सगळं वेगळं. "मनावर घेतलं म्हणून बरी झाली" हे वाक्य ज्याच्या कानावर पडतं त्याला उलटं ऐकू येतं, की मी बरा नाही म्हणजे मी मनावर घेत नाही. अकरा महिने जो माणूस काठी धरून रोज संडास-बाथरूमपर्यंत जातोय त्याने मनावर घेतलं नाही असं कसं म्हणवतं?

मग त्या बाईच्या अनुभवाचा उपयोग काय? मला विचाराल तर खूप, आणि हे मी जिव्हारी लागलेल्या अनुभवातून लिहितेय.

आमच्या अण्णांना २००२ मध्ये असाच झटका आला, डावा मेंदू, उजवा हात, वाचा. पाच वर्षं होते त्यानंतर. एका दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी दिली, मालिश करा म्हणाले, बोलण्यासाठी वेगळे थेरपिस्ट असतात हे कुणी एका शब्दाने सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. घरातले सगळे त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलायचो, जणू कान गेलेत. ते "च... च..." करायला लागले की मी लगेच "चहा? चष्मा? चप्पल?" अशी सरबत्ती करायची, मला वाटायचं मी मदत करतेय. ते डावा पंजा वर करायचे, पोलीस गाडी थांबवतो तसा. मला वाटायचं चिडलेत. २०१० च्या सुमारास, म्हणजे अण्णा गेल्यावर तीन वर्षांनी, मी त्या बाईने लिहिलेलं वाचलं आणि तेव्हा तो पंजा मला कळला. ते म्हणत होते, थांब, शब्द येतोय, तू मध्ये आलीस की तो परत पळतो.

तिने हेच सांगितलंय, आणि तिच्याआधी इतकं आतून कुणी सांगितलेलं मी वाचलं नव्हतं. मी बहिरी नाही, हळू बोला. जवळ येऊन, माझ्याकडे बघून बोला. मी मूर्ख झालेली नाही, मला जखम झाली आहे. मला झोपू द्या. खोलीत येणारी काही माणसं तिची शक्ती घेऊन जायची आणि काही देऊन जायची, बोलणं कळत नव्हतं तरी चेहरा आणि हाताचा स्पर्श तिला कळत होता. लोक व्हिडिओतला तो भाग एकमेकांना पाठवतात जिथे ती डावा मेंदू बंद पडल्यावर आतून केवढी शांती वाटली ते सांगते. खरं सांगते, त्या भागाचा आपल्याला घरात फारसा उपयोग नाही, आणि डावा मेंदू म्हणजे हिशेबी आणि उजवा म्हणजे प्रेमळ अशी सरळ वाटणी मेंदूत नसते. आपल्या कामाचा माणूस त्या गोष्टीत वेगळाच आहे, तो म्हणजे तिची आई.

आई दवाखान्यात आली, काही न बोलता मुलीच्या पांघरुणात शिरली आणि तिला जवळ घेऊन पडून राहिली. मुलीला तेव्हा आई म्हणजे काय हेही आठवत नव्हतं. घरी नेल्यावर तिने लहान मुलांचं तुकडे जोडायचं चित्र आणलं. सगळे तुकडे आधी सरळ बाजू वर करून ठेव म्हणाली, तर सरळ बाजू म्हणजे काय तेच कळेना, ते दाखवलं. मग कडेचे तुकडे वेगळे कर, तर कड म्हणजे काय? तेही दाखवलं. रंग बघून लाव म्हटल्यावर तिला पहिल्यांदा रंग दिसला, म्हणजे डोळ्यांना दिसत होताच पण रंग नावाची गोष्ट बघायची असते हे मेंदूला कुणी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. प्रत्येक पायरी अशी. आणि झोप आली की आई झोपू द्यायची, दमलेल्या मेंदूला उठवून व्यायामाला बसवायची नाही. जेवायला काय हवं हे विचारताना नुसतं हो-नाही मागायची नाही, दोन-तीन गोष्टींची नावं घ्यायची आणि वाट बघायची, मुलगी डोक्यात त्या पदार्थाचं चित्र शोधत बसायची.

हे तुम्ही उद्या सकाळपासून करू शकता. पोहे आणि साबुदाण्याची खिचडी, दोन्ही ताटल्या समोर ठेवा, नावं घ्या, आणि मग गप्प बसा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. तो वेळ फार लांब वाटतो, मला माहीत आहे, पण बसा. बोटाने दाखवलं तरी ते उत्तरच आहे. टीव्ही बंद, मिक्सर बंद, एका वेळी एकाच माणसाने बोलायचं. घरात चार नातेवाईक एकदम बोलायला लागले की त्यांच्या कानात काय होत असेल, कार्डांचा तो गठ्ठा आठवा.

आता 'पानी'चं. याचं वाईट वाटून घेऊ नका, प्लीज, मला हे वाचून उलट इंदूरच डोळ्यापुढे आलं. ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्यांना असा आजार झाला की सगळ्या भाषा एकदम आणि सारख्या परत येतातच असं नाही. फ्रान्समध्ये रिबो नावाच्या विद्वानाने म्हटलं होतं की आधी शिकलेली भाषा आधी वाचते, मग १८९५ मध्ये पित्र नावाच्या डॉक्टरने सांगितलं की नाही, आजाराच्या वेळी जी जास्त वापरात होती ती आधी येते. कधी हे खरं ठरतं, कधी ते, नियम असा बसला नाही अजून. पण तुमचे मिस्टर ३० वर्षं सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत क्लॉथ मार्केटच्या पेढीवर हिंदीत भाव करत होते, मीटर-थान-उधारी सगळं हिंदी, घरी येऊन जेवण आणि झोप. मराठी तुमच्या वाट्याला रात्रीचे दोन तास यायची. त्यांनी तुमच्यासाठी परकी भाषा निवडलेली नाही, जो शब्द आधी हाताला लागला तो ते तुम्हाला देत आहेत. 'पानी' म्हणाले तर पाणी द्या, आणि देताना सहज "हं, पाणी" म्हणा. दुरुस्ती करू नका. थेरपिस्ट गाठाल तेव्हा घरी मराठी, बाहेर हिंदी हे मुद्दाम सांगा, नाहीतर ते एकाच भाषेतून सराव घेतील.

शिवीचं पण तसंच. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका नावाचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे आलेला एक पेशंट कितीतरी वर्षं फक्त 'टां' एवढंच बोलायचा, काहीही विचारा, 'टां'. पण चिडला की एक अख्खी शिवी स्पष्ट बाहेर पडायची. तो वारल्यावर त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि डाव्या बाजूला कपाळाच्या मागे दुखापत सापडली, बोलण्याची जागा कळली ती अशी. विचार करून जुळवलेलं वाक्य आणि आपोआप सुटणारा शब्द या दोन्हींच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. शिवी, 'अरे देवा', एक-दोन-तीन-चार, सोमवार-मंगळवार, लहानपणी पाठ केलेले श्लोक, हे सगळं त्या दुसऱ्या वाटेचं. त्यात तुमच्या मिस्टरांचे संस्कार कुठे गेले नाहीत, आणि ती शिवी तुम्हाला किंवा नणंदेला उद्देशून पण नाही.

आणि म्हणूनच ताई, तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत जे लिहून टाकलंत ते मला सगळ्यात मोठं वाटलं. त्यांनी आरती म्हटली! सूर आणि पाठांतर असलं की शब्द निघतात, पुष्कळ जणांचे. बोस्टनमध्येच १९७३ साली काही तज्ज्ञांनी यावरून बोलणं शिकवायची एक पद्धत बसवली, रोजची छोटी वाक्यं सुरात म्हणायची, डाव्या हाताने ठेका द्यायचा, आणि मग हळूहळू सूर कमी करत न्यायचा. सगळ्यांना लागू पडते असं नाही, पण समजतं आणि बोलता येत नाही अशा माणसांसाठी ती आहे. आरती संपल्यावर ते गप्प झाले म्हणून तुम्ही खचलात. मी तुमच्या जागी असते तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून पुन्हा म्हटली असती, गणपती नसला तरी. रोज म्हणा, दोघांनी, हळू, ते ज्या ओळीत अडकतील तिथे थांबा आणि त्यांना पूर्ण करू द्या. आणि हे थेरपिस्टला शब्द न् शब्द सांगा, ही माहिती त्यांच्या फार कामाची आहे.

भिंतीकडे तोंड करून झोपणं मात्र हलकं घेऊ नका. मेंदूच्या झटक्यानंतर साधारण तीनात एका माणसाला डिप्रेशन येतं, ते रुसणं किंवा हट्ट नसतो, आजाराचाच भाग असतो आणि त्यावर औषध आहे. पुढच्या वेळी न्यूरोवाल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा बीपीच्या आधी हे सांगा. आणि तुम्ही अकरा महिने रात्रीची सलग झोप घेतली आहे का ते पत्रात कुठे लिहिलं नाहीये. मुलाला म्हणावं व्हिडिओ पाठवलास, छान केलंस, आता आठ दिवस रजा काढून ये, बाबांजवळ बस आणि आईला झोपू दे.

आठ वर्षांच्या आकड्याबद्दल एकच सांगते. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त दिसते हे खरं, त्यामुळे लोक अकराव्या महिन्यात म्हणतात की आता जेवढं झालं तेवढंच. तिच्या आठ वर्षांतून मी एवढंच घेते की अकरावा महिना ही काही शेवटची तारीख नाही. दादा पूर्ण बरे होतील का, मला माहीत नाही, अण्णा झाले नाहीत. पण चौथ्या वर्षी एकदा संध्याकाळी अण्णा आपणहून माझं नाव घेऊन हाक मारून गेले होते, आणि मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत हसत बसले होते.

प्रश्न : नमस्कार, मी २१ वर्षांची आहे, सुदामा नगरला राहते. मागच्या वर्षी मला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस झाला होता, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला सूज येते तो आजार. आधी झोप उडाली, मग मी कॉलेजमध्ये काहीतरी विचित्र बोलायला लागले, ओरडायला लागले, घरच्यांना वाटलं वेड लागलं, कुणी बाहेरचं बघा पण सांगितलं. फिट आली तेव्हा अॅडमिट केलं आणि पाठीतून पाणी काढून तपासलं तेव्हा कळलं. आता ठीक आहे. पण ते सहा आठवडे मला आठवतच नाहीत, आणि मैत्रिणींना सगळं आठवतंय, त्या माझ्याकडे त्याच नजरेने बघतात. न्यूयॉर्कच्या एका पत्रकार मुलीला हेच झालं होतं असं वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाही. पण मी तिच्यासारखी काही लिहिणारी नाही, मी काय करू?

उत्तर : बाळा, आधी तुझ्या घरच्यांनी तुला दवाखान्यात नेलं आणि तपासणी करू दिली याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांग.

ती पत्रकार सुझॅना कॅहॅलन. २००९ मध्ये ती २४ वर्षांची होती आणि तुझ्यासारखीच, आधी संशय, भास, मग फिट्स. किती डॉक्टर झाले, कुणी दारू म्हटलं, कुणी मनाचा आजार म्हटलं. शेवटी एका डॉक्टरने तिच्या हातात कागद दिला आणि घड्याळ काढ म्हणाले. तिने गोल काढला आणि एक ते बारा सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, डावा अर्धा कोरा. एवढ्या साध्या कागदावरून त्यांना कळलं की उजव्या मेंदूला सूज आहे, म्हणजे हे मनाचं दुखणं नाही. या आजाराचं नाव २००७ मध्ये नुकतंच पडलं होतं, त्याच्या दोन वर्षं आधी ती आजारी पडली असती तर कुणाला नावही सापडलं नसतं. शरीराची स्वतःची संरक्षण करणारी फौज मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, उलटते. तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो आणि काही जणींमध्ये अंडाशयात छोटी गाठ असते तिच्यामुळे सुरू होतो, म्हणून तुझी पोटाची तपासणी झाली आहे का आणि पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांना विचारून ठेव. हा आजार काही जणांमध्ये परत येतो. झोप सलग उडाली किंवा वागणं बदलल्यासारखं वाटलं तर कुणाला काय वाटेल याचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आठवत नाही त्याचं. तिलाही तो दवाखान्यातला महिना आठवत नव्हता. आठवणी साठवायचं कामच ज्या रिसेप्टरवर चालतं तेच बंद होतं, मग साठणार कुठून? कितीही ताण दिलास तरी येणार नाही, स्वतःला त्रास देऊ नको. तिने काय केलं, वडिलांनी त्या दिवसांत लिहिलेली वही, दवाखान्याची कागदपत्रं, तिथल्या कॅमेऱ्यातले व्हिडिओ, हे सगळं मागून घेतलं आणि बातमीदार दुसऱ्याची बातमी लिहितो तशी स्वतःची लिहिली. तुला पुस्तक नाही लिहायचं. पण एक दोनशे पानी वही आण आणि आई, बाबा, आत्या, ज्या मैत्रिणीवर भरवसा आहे ती, एकेकाला बसवून विचार, त्या मंगळवारी मी काय केलं, तू कुठे होतीस, तुला भीती वाटली का? त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिही. एका दिवसात सगळं विचारू नको, काही गोष्टी ऐकून रडू येईल. मला वाटतं मैत्रिणींची नजर तिथेच बदलायला लागेल, कारण आत्तापर्यंत त्यांना पण कुणी विचारलं नाहीये की त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं, त्या पण वीस-एकवीसच्याच, घाबरलेल्या. आजाराचं नाव त्यांना स्पष्ट सांग. बाहेरचं बघा म्हणणाऱ्यांनाही सांग, भांडू नको, फक्त नाव सांग आणि पाठीच्या पाण्याच्या तपासणीत सापडलं एवढं सांग. उद्या त्यांच्या घरातली मुलगी अशी ओरडायला लागली तर त्यांना तुझा चेहरा आठवेल आणि ते गाडी दवाखान्याकडे वळवतील.

प्रश्न : परवा संध्याकाळी सासूबाईंचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, कप हातातून पडला, बोलणं बरळल्यासारखं. आम्ही लिंबूपाणी दिलं, झोपवलं, वीस मिनिटांत सगळं नॉर्मल झालं. आता त्या म्हणतात दवाखान्यात कशाला, गॅस झाला होता. जावं का?

उत्तर : हे उत्तर छापून तुमच्या हातात पडेपर्यंत फार उशीर झाला असता, म्हणून मी पत्र मिळालं त्याच दिवशी दिलेल्या नंबरवर फोन केला आणि त्या आता उपचार घेत आहेत. बाकी सगळ्यांसाठी इथे लिहिते. तो गॅस नव्हता. नस थोडा वेळ बंद पडून पुन्हा उघडली, आणि असं झाल्यावर खरा मोठा झटका येण्याची भीती पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते, म्हणून बरं वाटलं तरी त्याच रात्री न्यायचं.

चेहरा एका बाजूला ओघळला, हात वर धरला की खाली येतोय, साधं वाक्य नीट म्हणता येत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा, आणि ज्या दवाखान्यात रात्रीसुद्धा सीटी स्कॅन होतो तिथेच जा, मधल्या क्लिनिकमध्ये थांबू नका. नस बंद असताना दर मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात. गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असेल तर ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि फुटलंय की बंद पडलंय हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे घरातली अॅस्पिरिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका. तोंडाने काही पाजू नका, पाणी नको, लिंबूपाणी नको, साखर नको, गिळण्याची ताकद गेली असेल तर ते फुप्फुसात जातं. आणि निघायच्या आधी घड्याळ बघा. माणूस शेवटचा धड कधी दिसला होता ती वेळ एका कागदावर लिहा, किती वाजून किती मिनिटं, कारण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि गडबडीत घरातले चार जण चार वेळा सांगतात. तो कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला आणि पिशवी ज्याच्या हातात द्याल त्याला म्हणा, ही सोडू नको.